केस हातात आल्यावर करावयाच्या गोष्टी

सकाळी डोक्याला शाम्पू लावलात, हात खाली आणलात आणि बोटांना केसांचा गुंता लागला. खाली बघता तर मोरीच्या जाळीवर पाणी तुंबलेलं. अशा वेळी लोक ‘घाबरू नका’ म्हणतात. मी तसलं काही म्हणणार नाही. चांगले घाबरा. घाबरल्याशिवाय पुढचा एकही उपाय नीट पार पडत नाही.

पहिलं काम मोजणीचं. जाळीवरचे, टॉवेलवरचे, उशीवरचे आणि कंगव्यातले केस गोळा करा, पांढऱ्या कागदावर पसरा आणि मोजा. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, त्यातले ५० ते १०० रोज गळतातच, असं कुणीतरी शहाणा सांगेल. लक्ष देऊ नका. गेल्या वर्षी तुमचे रोज किती गळत होते हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तेव्हा मोजायची बुद्धी झाली नव्हती. त्यामुळे आजचा आकडा कितीही आला तरी तो भयंकरच. मोजलेले केस प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर तारीख घाला आणि कपाटात ठेवा. पुढेमागे त्या पिशव्या बायकोला सापडतील आणि तिला भलताच संशय येईल, पण संशोधन म्हटलं की एवढं चालायचंच.

टाळूचा फोटोही काढा, तोही मोरीतल्या दिव्याखाली उभं राहून. वरून उजेड पडला की सिंहाच्या आयाळीतूनसुद्धा कातडी दिसेल. मग तो फोटो दोन बोटांनी मोठा करा, आणखी मोठा करा आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बघत राहा.

आता कारण. पुण्याला हिंजवडी-वाकडकडे राहत असाल तर तुम्ही नशीबवान, कारण कारण तयारच आहे: टँकरचं पाणी. सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं ‘केस गळतायत’ एवढं टाका. दुसऱ्या मिनिटाला बोअरचं पाणी, क्षार, टीडीएस, कमिटीचा भ्रष्टाचार आणि बिल्डर, सगळे एका दोरीत ओवले जातील. बी विंगमधला एक जण नळाला लावायचा फिल्टर सुचवेल. तो फिल्टर त्याचा मेव्हणा विकतो. लगेच घ्या. तोच टँकर ए विंगमध्येही जातो आणि तिथल्या जोशीबाईंची वेणी अजून कमरेखाली लोळते, हा विचार मनात आला तर तो फिल्टर लावून गाळून टाका.

पाणी नको असेल तर हेल्मेट आहे. हेल्मेटने केस जातात हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. हेल्मेट काढून ठेवा. डोकं फुटलं तर फुटलं, केस मात्र शाबूत राहिले पाहिजेत.

एक गोष्ट तेवढी स्वतःपासून लपवून ठेवा. केस मुळाशी वाढायचा थांबला की लगेच गळत नाही. दोन-तीन महिने तो तसाच जागेवर बसून राहतो, सरकारी खात्यातल्या बदलीचा हुकूम निघालेल्या माणसासारखा, आणि मग निघतो. एरवी ही विश्रांती शंभरातल्या दहा-पंधरा केसांची चालू असते. मोठा ताप, ऑपरेशन, अचानक घटवलेलं वजन किंवा मनाला बसलेला जबरदस्त धक्का, यांपैकी काही झालं की पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि पुढे एकदमच गळतात. म्हणजे आज दिवाळीत जे हातात येताहेत त्यांचा निकाल गणपतीत लागला होता, जेव्हा तुम्ही डेंगीने आठ दिवस झोपून होतात. ही हकिकत अजिबात आठवू नका. गेल्याच आठवड्यात बदललेला शाम्पू समोर शेल्फवर हजर आहे, त्यालाच फाशी द्या.

या बाबतीत आपण सामान्य माणसं तेवढी मूर्ख, असा गैरसमज नको. २०२४ चा डिसेंबर सरत होता तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हाताबरोबर यायचे, आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी. बाप्ये, बाया, पोरं, कुणी सुटलं नाही. आधी संशय शाम्पूवर गेला. ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नव्हता त्यांचेही केस गेल्यावर तो मागे पडला. मग पाण्यावर. पाण्याचे नमुने गेले, नायट्रेट जास्त निघालं, क्षार जास्त निघाले. मग बुरशी असेल म्हणाले. दिल्लीहून आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं. चॅनेलवाल्यांनी तर नमुने प्रयोगशाळेत पोचायच्या आत ‘टक्कल व्हायरस’ असं नाव ठेवून बारसंही उरकलं. पुढे विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर त्या गावांत गेले. त्यांनी रक्त, लघवी, केस तपासून घेतले, घराघरातला गहू तपासून घेतला, आणि सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम बेसुमार आहे. शरीराला चिमूटभरही नाही इतकं थोडं लागणारं हे द्रव्य जास्त झालं की केस जातात, नखं जातात. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळाल्याच्या बातम्या आल्याच.

पाणी, शाम्पू, बुरशी, सगळ्यांच्या चौकशा झाल्या. रोज दोन वेळा ताटात पडणाऱ्या पोळीकडे बघायची बुद्धी सगळ्यात शेवटी झाली. तेही एका म्हाताऱ्या डॉक्टराला, पदरमोड करून. यातून तुम्ही घ्यायचा बोध हाच की जिथे सोयीचं असेल तिथेच शोधावं. रेशनच्या गव्हाला दोष देणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

तुमच्या बाबतीत गैरसोयीची जागा म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. तिथे चुकूनही जाऊ नका. बायकोने परस्पर नंबर लावलाच तर जाऊन या, पण मनावर घेऊ नका. त्या डॉक्टरीणबाई आधी तुमच्या केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढतील. एवढ्या काळजीने जपलेले पाच-सहा केस त्यांच्या बोटांत राहतील, आणि त्या ‘हं’ म्हणतील. मग विचारतील, ‘दोन-तीन महिन्यांपूर्वी काही आजारपण?’ नाही म्हणून सांगा. बायको मध्येच ‘डेंगी झाला होता ना’ म्हणेल. तिच्याकडे रोखून बघा. मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, फेरिटिन अशा दोन-चार तपासण्या लिहून देतील, त्या नॉर्मल येतील, आणि शेवटी बाई सांगतील: जेवणात डाळी, अंडी वाढवा, सहा महिने थांबा, आपोआप येतील.

सहा महिने थांबा! यासाठी फी घेतली? ना इंजेक्शन, ना मलम, ना रंगीत कॅप्सूल. असल्या डॉक्टरवर विश्वास कसा ठेवणार? बाहेर पडता पडता ‘हिला काही येत नाही’ असा शेरा मारा आणि खऱ्या उपचारांकडे वळा.

(गोल, गुळगुळीत, रुपयाएवढे चट्टे पडले असतील तर ती चाई. तिथे शरीराचीच फौज केसांच्या मुळांवर तुटून पडलेली असते आणि वेळेवर गेल्यास डॉक्टरांकडे त्यावर चांगले उपाय आहेत. म्हणून तिथेही आधी सहा महिने लसूण चोळावी. कातडी भाजून निघाली की निदान काहीतरी होतंय असं वाटतं.)

खरे उपचार मिरजेच्या मावशीपासून सुरू होतात. तिला फोन करायचीही गरज नाही, तिला कळलेलं असतं. ‘अरे बाळ्या, तुझ्या आजोबांचं असंच झालं होतं,’ ती सुरुवात करेल. आजोबांचं पुढे काय झालं ते विचारू नका, हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे. मावशी माका, जास्वंद, ब्राह्मी, कोरफड आणि वडाच्या पारंब्या खोबरेल तेलात उकळून बाटली पाठवेल. बाटलीचं झाकण कुरिअरात सैल होतं, त्यामुळे निम्मं तेल खोक्याला आणि निम्मं तुम्हाला. रात्री लावून झोपा. सकाळी उशीला मोरीचा वास, अभ्र्याला हिरवा डाग आणि त्या डागावर चिकटलेले केस, म्हणजे मोजायला सोपे. आयुर्वेदाची जास्तच ओढ लागली तर इंद्रलुप्तावर, म्हणजे चाईवर, जुन्या ग्रंथांत हस्तिदंताची मषी, म्हणजे तो जाळून केलेली काळी पूड, सांगितली आहे, ती मिळते का बघा. ती मिळवताना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येईल आणि तुरुंगात जावं लागेल, पण तिथे तुमच्या डोक्याकडे कोण बघतंय?

तेल संपलं की क्लिनिक. हे डॉक्टरांचं नव्हे. काचेचा दरवाजा, आत पांढरा सोफा, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘आधी’मधला माणूस रडवेला आणि मोरीतल्या दिव्याखाली, ‘नंतर’मधला हसरा आणि खिडकीजवळ. गोड बोलणारी एक काउन्सेलर तुमच्या टाळूवर कॅमेरा टेकवेल आणि समोरच्या मोठ्या टीव्हीवर तुमची एकेक रंध्रं भोपळ्याएवढी दिसू लागतील. मग ती आवाज खाली आणून म्हणेल, ‘सर, अजून तीन महिने आला नसतात तर...’ वाक्य पूर्ण करणार नाही. पूर्ण करायची गरजही नाही, तोवर तुम्ही ईएमआयच्या फॉर्मवर सही केलेली असते. डॉक्टर कोण आहेत, त्यांची पदवी कसली, असले प्रश्न विचारून त्या मुलीला अडचणीत आणू नका. केसरोपण कुणी करावं याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या आणि त्यात यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असंही लिहिलं. सरकारी पातळीवर हे लेखी सांगावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

औषधाच्या दुकानात न विचारता मिळतं ते मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती खाणाऱ्यांच्या अंगावर, कपाळावर, नको तिथे केस उगवायला लागले, तेव्हा कुणीतरी ती डोक्यावर चोळायचं ठरवलं. वापरायची तुमची पद्धत अशी हवी: सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुने केस आणखी गळतात, नव्यांना जागा करून द्यायला. हे वेष्टणात घातलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून तो कागद आधी फेकून द्या. केस गळू लागले की बाटलीही फेका आणि मित्रांना सांगा, ‘ते घेऊ नका रे, माझे होते तेही गेले.’ दुसरं औषध फिनास्टेराइड, हे मुळात प्रोस्टेटचं. त्याच्याबद्दल डॉक्टरांना काही विचारू नका. रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचा, आणि पहाटेपर्यंत जागून त्यातले सगळे दुष्परिणाम एकही गोळी न घेता स्वतःत अनुभवा.

दरम्यान लपवायचं कसं? पारंपरिक मार्ग म्हणजे एका कानावरचे केस वाढवून दुसऱ्या कानापर्यंत नेणे. याला कमी लेखू नका. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या बापलेकांनी या कलेचं रीतसर पेटंट घेतलं होतं: तीन बाजूंनी केस वाढवायचे आणि एकावर एक थर देत टाळू झाकायची. २००४ मध्ये त्याला इग नोबेलही, म्हणजे आधी हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते नोबेलचं विडंबन, मिळालं. फक्त त्यांनी स्कूटरवरून कात्रजचा घाट उतरून पाहिला नव्हता. लग्नाचं बघत असाल तर सिंहगडावरचा टोपीतला फोटो लावा, राजगडावरचा टोपीतला फोटो लावा, आणि कांदेपोह्यांना बंद खोलीतही टोपी घालून बसा. मुलीचे वडील टोपीबद्दल काही बोलणार नाहीत. त्यांच्याही डोक्यावर काही नसतं.

आणि एक दिवस वैतागून सगळंच भादरून टाकाल. सलूनवाला शेवटी मागून दुसरा आरसा धरून दाखवतो, तो त्या दिवशी धरणार नाही. तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. घरी येताना लिफ्टमध्ये काळे काका भेटतील. तुमच्या डोक्याकडे बघून त्यांचा चेहरा पडेल. खांद्यावर हात ठेवून ते हळूच विचारतील, ‘अरेरे... कधी झालं?’ तुमच्या शेजारी तुमची आई भाजीची पिशवी घेऊन उभी असते. काका तिच्याकडे बघतील, मग पुन्हा तुमच्याकडे, मनातल्या मनात नातेवाईकांची यादी चाळतील, आणि मिशी शाबूत आहे हे ध्यानात आल्यावर सुटकेचा श्वास सोडून म्हणतील, ‘तिरुपती का?’ हो म्हणा. मग संध्याकाळी ते लाडवाचा प्रसाद मागायला येतील, तेव्हा चितळ्यांकडून आणून द्या.

हे सगळं करता करता चार-सहा महिने निघून जातात आणि एके दिवशी हात फिरवताना टाळूला बारीक खरखर लागते. केस येताहेत. आता सगळ्यात नाजूक काम म्हणजे श्रेयवाटप. मावशीला सांगा, तेलाने आले. ती आणखी चार बाटल्या पाठवेल. क्लिनिकला सांगा, पॅकेजने आले. ते तुमचा फोटो ‘नंतर’मध्ये लावतील आणि हप्ते तरीही चालूच राहतील. बी विंगमध्ये सांगा, फिल्टरने आले. मेव्हण्याचा धंदा वाढेल. डॉक्टरीणबाईंना मात्र काही कळवू नका. त्यांनी तर काहीच दिलं नव्हतं.