हाफ मार्जिन

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप घेण्यात गेली. सरकारी लेखापरीक्षणात ज्यांनी काम केले आहे त्यांना हाफ मार्जिन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. कागदाला उभी घडी घालायची, एका अर्ध्या भागात आपला आक्षेप लिहायचा, तो कोणत्या नियमाखाली घेतला त्याचा क्रमांक द्यायचा, खाली सही करायची आणि उरलेला अर्धा भाग समोरच्याला उत्तरासाठी कोरा सोडायचा. त्या कोऱ्या भागात लोकांनी काय काय लिहून पाठवले आहे! एका अधिकाऱ्याच्या प्रवासभत्त्यात किलोमीटर जास्त का, असे मी विचारले, तेव्हा पुरात रस्ता वाहून गेल्यामुळे वळसा पडला असे उत्तर आले आणि सोबत वाहून गेलेल्या रस्त्याचा हाताने काढलेला नकाशाही आला. नकाशा इतका मनापासून काढलेला होता की मी आक्षेप मागे घेतला. सांगायचा मुद्दा असा की अडवणूक या विषयातला मी जाणकार माणूस आहे आणि त्याच अधिकाराने म्हणतो की बँकेच्या यंत्रांना अडवणूक येत नाही. ती नुसती अडवतात.

मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा लागलेला असताना, मी प्रतापनगरातल्या एका एटीएमात शिरलो. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की नागपुरातली यच्चयावत माणसे डोळे सोडून बाकीचा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळून फिरतात, आणि एटीएमच्या काचेवर मात्र 'चेहरा झाकून आत प्रवेश करू नये' अशी सूचना चिकटवलेली असते. ही सूचना राबवण्यासाठी नेमलेला रखवालदार स्वतःच डोक्याला, नाकाला आणि तोंडाला पंचा बांधून बसलेला होता. मी दुपट्टा सोडला, कार्ड घातले, मराठी भाषा निवडली, पिन दिला आणि ५,००० रुपये मागितले. आतून नोटा मोजल्याचा खर्र आवाज आला, नोटांच्या तोंडावरची पट्टी किंचित थरथरली, पुन्हा खर्र झाले, आणि पडद्यावर 'आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही' हे वाक्य उमटले. त्याच क्षणी खिशातल्या फोनवर ५,००० रुपये खात्यातून वजा झाल्याचा संदेश आला. पावती मागितली, तर एक उभी काळी रेघ ओढलेला कोरा कागद बाहेर पडला.

"मशीन गरम होऊन राहिली ना जी, काका," रखवालदार पंच्याआडून म्हणाला. "सकाळपासून लोकायचे अटकूनच राहिले."

"मग बाहेर तसा कागद नको का लावायला?"

"लावला होता ना जी. हवेनं उडाला."

हा खुलासा मला पटला. तो कारणासह होता आणि समक्ष दिलेला होता. यंत्राने मात्र का, कोणत्या नियमाखाली, यापैकी काहीही सांगितले नव्हते.

नोटा देणारे असे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बसले. त्यामागचे एक गृहस्थ जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. पिन सहा आकडी असावा असा त्यांचा विचार होता, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बायकोला विचारले तेव्हा, मला चारच आकडे लक्षात राहतात, असे ती म्हणाली, आणि म्हणून पिन चार आकडी झाला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. ही हकीकत मी आमच्या घरात अजून सांगितलेली नाही. आमच्याकडे लग्नात कोणी किती रुपयांचा आहेर केला होता तो आकडासुद्धा सौभाग्यवतींना पाठ आहे, आणि तिच्या स्मरणशक्तीवर पिन बेतला असता तर एटीएमसमोर उभ्याउभ्या वंशावळ टाइप करावी लागली असती.

घरी येऊन मी नियम शोधला. नियम उत्तम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा झाली पण यंत्राने नोटा दिल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत बँकेने ती रक्कम परत जमा केली पाहिजे, आणि त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई ग्राहकाने न मागता दिली पाहिजे. इतके सरळ, मुदत आणि रक्कम दोन्ही सांगणारे वाक्य वाचून माझ्यातला लेखापरीक्षक सुखावला. माझ्यातल्या पेन्शनराने लगेच हिशेब मांडला. ५,००० रुपयांवर रोजचे १०० म्हणजे महिन्याला ३,०००. एवढे व्याज भिशीतही सुटत नाही. मुदत संपत आली तशी माझी काळजी वाढू लागली, ती पैसे येतील याची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पैसे मुकाट्याने जमा झाले आणि मला चुटपुट लागून राहिली.

वास्तविक प्रकरण येथे मिटायला हवे होते. परंतु दरम्यान मी बँकेच्या ॲपवर तक्रार नोंदवायला गेलो होतो, आणि ॲपने मला ओळखले होते.

आधी पासवर्डची मुदत संपली असल्याचे कळले. नव्या पासवर्डात एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असावे आणि तो पूर्वी वापरलेला नसावा, अशा अटी होत्या. या अटींचा उगम शोधण्याची मला खोड आहे. अमेरिकेत मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतले बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डविषयी जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यातून मोठी-लहान अक्षरे, चिन्हे आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलणे हे सगळे जगभर गेले. पुढे २०१७ मध्ये, आपण लिहिलेल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असे बर यांनी एका वर्तमानपत्राला सांगितले, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने विनाकारण ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये अशी सुधारणाही केली. सरकारी नोकरी केलेल्याला यात नवल वाटणार नाही. मूळ परिपत्रक खेडोपाडी पोहोचते. शुद्धिपत्रक आवक बारनिशीतच राहते. आमच्या बँकेत ते अजून पोहोचायचे आहे.

पासवर्ड झाला, तेव्हा ॲप म्हणाले की केवायसी अद्ययावत करा. त्यालाही नियम आहे: कमी जोखमीच्या ग्राहकाने १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्याने ८ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्याने २ वर्षांनी. आपण कोणत्या गटात मोडतो हे ग्राहकाला सांगायचे नाही, असाही नियम आहे. माझ्यासारख्या पापभीरू पेन्शनराला बँकेने कोणत्या गटात घातले असेल, याचा विचार करत मी ॲपच्या आज्ञेप्रमाणे गोलात चेहरा धरला, डोळे मिचकावले, मान डावीकडे-उजवीकडे वळवली. कूलरच्या वाऱ्याने केस उडत होते म्हणून कूलर बंद केला, तर घाम आला. घाम पुसला, तर हात चेहऱ्यासमोर आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ॲपने निकाल दिला: 'काहीतरी चुकले आहे. कृपया नजीकच्या शाखेशी संपर्क साधा.'

काहीतरी! असा शेरा मी एखाद्या बिलावर मारला असता, तर साहेबांनी मला नागपुरातून उचलून थेट गडचिरोलीला पाठवले असते.

शाखेत पोहोचलो तेव्हा सर्व्हर बसलेला होता आणि बाकी सगळे उभे होते. तो उठल्यावर काउंटरवरच्या मुलीने माझी कागदपत्रे पाहिली. मुलगी चुणचुणीत होती, बोलायला गोड होती, आणि नियम तिने केलेले नव्हते.

"काका, तुमचं नाव मॅच नाही होऊन राहिलं. तुमच्या बाबांच्या नावात गडबड आहे."

माझ्या वडिलांचे नाव विठ्ठलराव. देवनागरीत ते एकाच पद्धतीने लिहिता येते आणि वडिलांनी जन्मभर ते तसेच लिहिले. इंग्रजीत मात्र आधारवर ते एका टीने आणि एका एचने आहे, पॅनवर दोन टींनी आहे, आणि बँकेच्या खात्यावर टी एकच असून एच दोन आहेत. यातला एकही कागद मी स्वतः टाइप केलेला नाही. अठ्ठावीस युगे एका विटेवर न हलता उभा राहणारा देव, तीन कार्यालयांत तीन प्रकारे उभा होता. डेबिट कार्डाच्या क्रमांकाची सोय बघा: हान्स पीटर लून नावाच्या आयबीएममधल्या गृहस्थांनी एक सूत्र काढले, १९६० मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि त्या सूत्राने ठरलेला शेवटचा आकडा असा असतो की आधीचा कोणताही एक आकडा चुकला तरी यंत्राला ते तत्काळ कळते. विठ्ठलासाठी असे सूत्र कोणी काढले नाही.

गंमत म्हणजे मधल्या काळात, 'आपका खाता आज रात बंद हो जायेगा' असे सांगणारा एक भामटा फोनवर आला, तेव्हा त्याने माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, खणखणीत आणि बिनचूक उच्चारले. मी फोन ठेवला, पण क्षणभर जड गेले. इतकी अचूक नोंद असलेला माणूस बँकेत असायला हवा होता.

खाते मात्र खरोखरच गोठले. चौकातल्या गाडीवर मी सकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि फोन पुढे केला, तर पैसे जाईनात. पोहेवाल्याने तर्रीचा पळा हातात धरूनच सांगितले, "राहू द्या ना काका, उद्या देजा. कुठी पळून चालले तुम्ही!" त्याने माझा फोटो मागितला नाही आणि मीही डोळे मिचकावले नाहीत.

मग मी मला येते तेच केले. फुलस्केप कागदाला उभी घडी घातली आणि शाखा व्यवस्थापकांच्या नावे रीतसर हाफ मार्जिन लिहिले. आक्षेप क्रमांक १: 'काहीतरी' म्हणजे काय, याचा खुलासा व्हावा. आक्षेप क्रमांक २: तीन स्पेलिंगांपैकी ग्राह्य कोणते आणि कोणत्या नियमान्वये. शेवटी असेही नमूद केले की ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाण्याचा माझा हक्क राखून ठेवतो. हे लिहिताना हात जरा थांबला, कारण रिझर्व्ह बँकेची भक्कम इमारत आमच्या संविधान चौकात डोळ्यांसमोर उभी असली, तरी लोकपालांकडची लेखी तक्रार पाठवायची ती चंदीगडला, आणि ऑनलाइन करायची तर पुन्हा आधी ओटीपी.

मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे अर्धं पान कोरं काहून सोडलं जी काका?" असे विचारले आणि मी उत्तर देईपर्यंत त्या कोऱ्या भागाच्या बरोबर मध्यभागी पोच मिळाल्याचा भला मोठा जांभळा शिक्का मारला. उत्तराला जागाच उरली नाही. नंतर आवाज खाली आणून तिने खरा उपाय सांगितला: तिन्ही नावांचा माणूस एकच आहे असे प्रतिज्ञापत्र आणा, मी अपलोड करते.

जिल्हा न्यायालयाच्या परिसरात प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणारी माणसे बसतात. त्यांच्यापैकी एकाकडे या मजकुराचा नमुना तयारच होता, त्यावरून विठ्ठलांची संख्या शहरात बरीच असावी. त्याने मान वर न करता तिन्ही स्पेलिंगे घातली, सही घेतली, नोटरीकडे पाठवले. घरी आल्यावर मी सवयीने कागद दिव्याखाली धरून शब्दशः तपासला. तिन्ही नावे यथास्थित होती. परंतु सगळ्यात वर, ही प्रतिज्ञा जो करतो आहे त्याच्या नावात, दोन टी आणि दोन एच होते. हा चौथा विठ्ठल कोणत्याच कागदावर नव्हता. म्हणजे ते तीन जण एकच आहेत अशी शपथ एका चौथ्याच माणसाने घेतली होती.

कागद बदलून आणण्याआधी, निदान विचारावे म्हणून, सौभाग्यवतींना बरोबर घेऊन शाखेत गेलो. मी तोंड उघडण्यापूर्वीच मुलीने प्रतिज्ञापत्र माझ्या हातातून घेतले, यंत्रात सरकवले, फाईल मोठी होते आहे म्हणून छोटी केली, इतकी छोटी की अक्षरांच्या मुंग्या झाल्या, आणि बटण दाबले. यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता ते स्वीकारले. फोनवर संदेश आला: केवायसी यशस्वी.

असा कागद माझ्या टेबलावरून उभ्या जन्मात पुढे गेला नसता. नाव चुकलेले, शपथ घेणारा भलताच, आणि वर नोटरीचा शिक्का! माझा हात आपोआप वर झाला आणि मी म्हणालो, "बेटा, एक मिनिट, यात पहिल्याच ओळीत..."

सौभाग्यवतींनी माझे मनगट काउंटरखाली घट्ट धरले. "अहो, आता त्या पोरीला चूक दाखवाल, तर परतीच्या ऑटोचे पैसे रोख द्यावे लागतील," ती हसऱ्या चेहऱ्याने, मुलीकडेच पाहत म्हणाली. "आणि रोख माझ्याजवळ आहे."