माठातल्या कोळशाने पाणी निर्जंतुक होत नाही

गेल्या पावसाळ्यात सांगलीकडच्या वहिनींचा फोन आला. "भावजी, माठात कोळसा टाकलाय. पाणी कसलं गोड लागतंय, या बघायला." त्यांच्या गावाला नदीचं पाणी येतं, त्या आठवड्यात ते चहासारखं गढूळ होतं आणि घरात दीड वर्षाची नात. मी विचारलं, "आशाताईंनी दिलेलं क्लोरीन टाकताय ना?" तर म्हणाल्या, "त्याचा वास कोण सहन करणार? कोळसा सगळं ओढून घेतो म्हणे. तुम्हाला पण मेसेज पाठवलाय."

तो मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: 'आरओ मशीन फेकून द्या. कंपन्यांच्या कार्बन फिल्टरमध्ये कोळसाच असतो, फक्त नाव इंग्रजी. चुलीतले चार-पाच कोळसे धुऊन रात्री माठात टाका. सगळे क्षार, जंतू आणि विषारी धातू शोषले जातात. महिन्यातून एकदा कोळसे उन्हात वाळवा, आयुष्यभर पुरतात. आपले पूर्वज हेच करत होते.'

कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. कोळशाच्या भुकटीतून निळं पाणी गाळून ते नितळ करून दाखवण्याचा तास मला सगळ्यात आवडायचा. म्हणूनच हा मेसेज मला जास्त लागला. कोळशाच्या अंगी खरोखर मोठा गुण आहे, पण त्याच्या नावावर इथे जे खपवलंय त्याने एखादं मूल दवाखान्यात जाऊ शकतं.

'फिल्टरमध्ये कोळसाच असतो.' हे अर्धं खरं आहे. फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन नारळाच्या करवंटीपासून, लाकडापासून किंवा दगडी कोळशापासूनच बनतो. पण लाकूड कमी हवेत जाळून लोणारी कोळसा झाला की काम निम्मंच झालेलं असतं. त्यातली बारीक छिद्रं डांबरासारख्या द्रव्यांनी बुजलेली असतात. कारखान्यात हा कोळसा पुन्हा ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. वाफ कोळशाला आतून कुरतडते. कार्बनचा काही भाग वायू होऊन निघून जातो आणि मागे उरतं ते अतिसूक्ष्म बोगद्यांचं जाळं. या प्रक्रियेची पेटंटं राफाएल फॉन ओस्त्रेज्को यांनी १९००-०१च्या सुमारास घेतली, आणि तिथून कारखानदारी सुरू झाली.

या जाळ्यामुळे काय होतं? चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग साधारण १,००० चौरस मीटर भरतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. चिमूटभर कार्बनमध्ये अशी सात-आठ मैदानं घडी घालून ठेवलेली असतात. चुलीतल्या कोळशाचा आतला पृष्ठभाग याच्या जवळपासही येत नाही, आणि वर त्याला राख चिकटलेली असते. ती पाण्यात विरघळून पाणी किंचित खारवट, साबणासारखं करते. काही जण त्यालाच 'अल्कलाइन वॉटर' म्हणून कौतुकाने पितात, पण ते राखेचंच पाणी असतं.

साधा कोळसा अगदीच निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. १७८५ साली रशियात टोबियास लोविट्झ यांनी साध्याच कोळशाने द्रावणांचा रंग काढून दाखवला होता. पण त्यांनी कोळशाची पूड वापरली, माठाच्या तळाशी चार ढेकळं टाकून ठेवली नव्हती. फिल्टरमधले दाणे एक मिलिमीटरच्या आसपासचे असतात आणि पाणी त्यांच्या थरातून सावकाश जावं लागतं, कारण पाण्यातल्या रेणूला छिद्रापर्यंत पोचायला वेळ लागतो. अंगठ्याएवढ्या ढेकळाशेजारी स्थिर उभ्या असलेल्या पाण्याचा बहुतांश भाग कोळशाच्या आत जातच नाही. (एक सूचना इथेच: 'कोळसा' एवढंच वाचून कुणी वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा पाण्यात टाकू नये. त्यात गंधक आणि जड धातू असतात.)

'सगळे क्षार आणि धातू शोषले जातात.' हे चूक आहे, आणि का चूक आहे ते समजलं की कोळशाचा स्वभावच उलगडतो. कोळसा स्पंजासारखं पाणी पिऊन घाण आत घेत नाही. पाण्यातले काही रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, यालाच पाठ्यपुस्तकात अधिशोषण म्हणतात. चिकटतात कोण? ज्यांचं पाण्याशी फारसं जमत नाही ते: रंगद्रव्यं, बरीचशी कीटकनाशकं, दुर्गंध देणारे सेंद्रिय रेणू. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो त्यामागे जिओस्मिन नावाचा रेणू असतो. तोच धरणाच्या पाण्यात उतरला की पाण्याला कुबट वास येतो, आणि तो काढायला कार्बनसारखं दुसरं साधन क्वचितच सापडेल.

मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फ्लोराइड यांचं उलटं आहे. हे विद्युतभारित कण पाण्याच्या रेणूंचा वेढा अंगाभोवती घेऊन पाण्यात सुखाने राहतात. कोळशाकडे जायचं त्यांना काही कारण नसतं. खात्री हवी असेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, धुतलेला कोळसा रात्रभर त्यात ठेवा आणि सकाळी थेंबभर जिभेला लावा. खारटपणा होता तिथेच असेल. शिसं कमी करणारे खास कार्बन ब्लॉक मिळतात, पण ते तसे घडवलेले आणि तपासलेले असतात. चुलीतल्या कोळशाला तो गुण लागू होत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हे जास्त गांभीर्याने घ्यावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तर दीड. नायट्रेटला ४५च्या पुढे सवलतच नाही. फ्लोराइडसाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून नलगोंडा पद्धत बसवली, काही ठिकाणी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना वापरतात. कोळशाने हा प्रश्न सुटत असता तर एवढा खटाटोप कुणी केला असता?

'जंतू शोषले जातात.' माझा खरा विरोध इथे आहे.

कार्बनच्या ज्या छिद्रांमुळे एवढा पृष्ठभाग तयार होतो, ती बहुतेक दोन नॅनोमीटरहून अरुंद असतात. ई. कोलाय हा जंतू एक-दोन मायक्रॉन लांब, म्हणजे हजार-दोन हजार नॅनोमीटर. मुंगीच्या बिळात म्हैस शिरेल का? जंतू बाहेरच राहतो. आणि कोळशात त्याला मारणारं काही नाही. विष नाही, उष्णता नाही, अतिनील किरणं नाहीत. दाबून घट्ट केलेले, अतिशय बारीक वाटांचे कार्बन ब्लॉक काही मोठे परजीवी अडवतात, पण ते गाळणीचं काम झालं.

उलट कोळसा जंतूंना घर देतो. त्याच्या खडबडीत अंगावर बसायला जागा असते, त्याने धरून ठेवलेले सेंद्रिय पदार्थ हे जंतूंचं खाणं असतं, आणि ज्या क्लोरीनच्या धाकाने जंतू दबून असतात ते क्लोरीन कोळसाच संपवतो. पाण्यातलं क्लोरीन कार्बनशी रासायनिक क्रिया करतं आणि त्याचं निरुपद्रवी क्लोराइड होतं. आरओ यंत्रात क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या आधी कार्बन बसवतात तो मुख्यतः याचसाठी, कारण क्लोरीनने तो पडदा खराब होतो. कार्बनवर चांदीचा मुलामा दिलेले फिल्टर मिळतात, पण ती चांदी फिल्टरच्या आतली जंतूंची वाढ रोखण्यापुरती असते. पाणी निर्जंतुक करण्याची हमी तिच्याकडून घेऊ नये.

आता वहिनींचा माठ डोळ्यांसमोर आणा. मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. ते उरतं ते घरातल्या हंड्यात, कळशीत, ओगराळ्यात पुढे होणाऱ्या संसर्गापासून वाचवायला. माठात कोळसा टाकून आपण हा पहारेकरीच घालवतो. पाणी गोड लागतं ते त्यामुळेच. वहिनींना जो वास नको होता तो गेला, पण त्या वासाबरोबर संरक्षणही गेलं. जुलाबाचे जंतू असलेल्या पाण्याला ना वास असतो ना चव. जीभ हे ओळखूच शकत नाही. नितळ, थंड, गोड पाण्यानेच गॅस्ट्रोची साथ पसरलेली मी पाहिली आहे.

'उन्हात वाळवला की कोळसा पुन्हा नवा.' नाही. उन्हाने कोळशाचं पाणी उडतं. छिद्रांत घट्ट बसलेले रेणू तसे हलत नाहीत. वापरलेला कार्बन पुन्हा कामाचा करायचा तर हवा रोखून भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. जागा भरल्या की कार्बन नवं काही धरत नाही, कधी कधी आधी धरलेलं परत सोडतो. म्हणून घरातलं कार्बनचं कार्ट्रिज सांगितलेल्या मुदतीत बदलावं, पाणी 'बरं लागतंय' म्हणून दोन वर्षं ओढू नये.

'पूर्वज हेच करत होते.' पूर्वजांचा मान मलाही आहे, आणि म्हणूनच त्यांनी काय केलं ते नीट सांगावं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाण्यासाठी निवळीच्या बिया सांगितल्या आहेत. घरोघरी पाणी वस्त्रगाळ करत, तुरटी फिरवत, आजाऱ्याला उकळलेलं देत. शाळेच्या पुस्तकातली तीन माठांची उतरंड आठवते ना? तिच्यात वाळू, खडी आणि कोळसा असे थर असत आणि पाणी त्यांतून झिरपत येई. तिथेही गढूळपणा अडवण्याचं बरंचसं काम वाळू करत होती. एवढं करूनही पटकी गावंच्या गावं रिकामी करायची, हेही आपल्याच आजी-पणजीने सांगितलेलं आहे. तिकडे युरोपात एकोणिसाव्या शतकात घरगुती कोळशाचे फिल्टर खूप खपत. पुढे १८८४ साली पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलां यांनी झिलई नसलेल्या चिनी मातीची, जंतू अडवणारी कँडल बनवली. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल त्याच कुळातली.

राहिलं आरओ. इथे मेसेजमध्ये तथ्य आहे. तलावाचं किंवा धरणाचं गोडं पाणी शुद्ध होऊन नळाला येत असेल, तर क्षार मुळातच कमी असतात. तिथे आरओ लावून बादल्या-बादल्या पाणी मोरीत सोडणं मलाही पटत नाही. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी घालावी असं सरकारला सांगितलं होतं. पण त्याला पर्याय माठातला कोळसा नाही. मचूळ, क्षारांच्या बोअरच्या पाण्याला आरओ लागतो. नळाच्या गोड्या पाण्याला बहुधा गाळणं आणि निर्जंतुक करणं पुरतं. आधी पाणी तपासून घ्या, मग यंत्र ठरवा.

वहिनींना मी फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण पूर आला की हा मेसेज पुन्हा फिरतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्या आणि वरचं पाणी चौपदरी स्वच्छ कापडातून गाळा. मग एक तर खळखळून उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी किंवा थेंब पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास झाकून ठेवा. कार्बनचा फिल्टर वापरायचाच असेल तर तो क्लोरीनच्या आधी. आधी क्लोरीन टाकून लगेच कार्बनमधून काढलं तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. क्लोरीनचा वास नको असेल तर प्यायच्या आधी पाणी पेल्यात ओतून थोडा वेळ उघडं ठेवा, तो कमी होतो. बाळाला उकळून गार केलेलंच द्या.

वहिनी म्हणाल्या, "मग या कोळशाचं काय करू?" म्हटलं, वाळवून इस्त्रीवाल्याला द्या. आणि ज्या ग्रुपवरून मेसेज आला तिथे हेही टाका.