घंगाळावरचं नाव

आमची आत्या ८५ वर्षांची आहे आणि तिला सगळं आठवतं, हा शोध माझ्या आतेबहिणीला न्यू जर्सीत बसून अचानक लागला. "आईच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेव, नंतर हळहळण्यात अर्थ नाही," असं तिनं मला फोनवर बजावलं. पाठोपाठ पन्नास प्रश्नांची यादी आणि कॉलरला लावायचा माइकही आला. काम माझ्या गळ्यात, कारण मी पुण्यात राहतो आणि (हे ताईचे शब्द) "तुला तसंही रविवारी काय असतं?"

पहिला प्रश्न होता : तुमच्या बालपणीचा सर्वांत आनंदाचा क्षण कोणता?

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे लहानपणी तुला कधी खूप आनंद झाला होता?"

"तेव्हा असलं काही नव्हतं रे. शाळा होती."

उरलेले एकोणपन्नास प्रश्न मी घडी घालून खिशात ठेवले आणि थेट पानशेतला हात घातला. आत्याचं सासर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १९६० साली लग्न आणि पुढच्याच वर्षी पूर. पुण्यातल्या तिच्या वयाच्या माणसांची कालगणना पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर अशीच चालते, तेव्हा इथे खजिना सापडणार याची मला खात्री होती.

फक्त आवाज रेकॉर्ड होणार आहे असं तीनदा सांगूनही आत्या ठेवणीतली इरकल नेसून बसली. माइक लावला, लाल ठिपका लागला, आणि आमची आत्या नाहीशी झाली. तिच्या जागी आकाशवाणीचं पुणे केंद्र बोलू लागलं. "दिनांक १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुणे शहरात हाहाकार माजला. अपरिमित वित्तहानी झाली."

"आत्या, हे पुस्तकात आहे. तू कुठे होतीस?"

"मी? स्वयंपाकघरात. आणखी कुठे असणार?"

दुसऱ्या रविवारी काका आले. म्हणजे घरातच होते, आतल्या खोलीतून बाहेर आले. काकांची सगळी नोकरी बँकेत गेली, पण धरणाचा विषय निघाला की ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. अंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना अडवलेलं पाणी, रात्रभर वाळूची पोती रचणारे जवान, त्यांच्यामुळे रात्रीचं मरण सकाळवर गेलं हे, आणि मग तो लोंढा न सोसून खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं, इथवर काकांनी उत्तम सांगितलं. पुढे ते म्हणाले, "आमच्या वाड्यात पाणी नवव्या पायरीपर्यंत होतं."

"सातव्या," आत्या म्हणाली.

"नवव्या!"

"जिन्याला पायऱ्याच आठ होत्या."

हा वाद चाळीस मिनिटं चालला. मध्यस्थीसाठी माझ्या वडिलांना फोन लावला. ते तेव्हा नऊ वर्षांचे, नदीपासून लांब, सदाशिव पेठेत माहेरच्या घरी. त्यांनी पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. "कसलं पाहतोयस? कॉटखाली लपला होतास. आई सांगायची," असं आत्यानं स्पीकरवरच जाहीर केलं, आणि ७४ वर्षांच्या माणसानं फोन आपटला. काकांचं पाणी मात्र मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या मुंजीच्या वेळी ते पाचव्या पायरीवर होतं.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग ऐकलं. कुकरच्या अकरा शिट्ट्या, एक भंगारवाला, वरच्या मजल्यावरचं फर्निचरचं काम, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी इतिहास. बोललेलं आपोआप लिहून देणारं एक ॲप आहे, त्यात टाकलं. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : "पान शेठ फुटले, खडक वसूल." ताईला तेच पाठवून दिलं. तिनं विचारलं, हे शेठ कोण?

तिसऱ्या रविवारी मी माइक नेला नाही. फोन नुसता टेबलावर ठेवला. आत्या मटार सोलत होती, मलाही एक वाटी मिळाली. पुराचं काही विचारलं नाही, तिचं काय काय गेलं ते विचारलं. आणि गाडी सुटली. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. नव्या जावयाचा पहिला धोंड्याचा महिना, म्हणून तिच्या वडिलांनी तेहतीस अनारसे आणि तांब्याच्या तबकात चांदीचा दिवा असं वाण दिलं होतं. महिन्याभरात निज ज्येष्ठातल्या अमावास्येला तबक, दिवा, पिंपं, हंडे, बंब, सगळं नदीला. इतिहासकार क्युसेकमध्ये मोजतात तो पूर आत्यानं भांड्यांत मोजलेला आहे. एकूण बेचाळीस, चमचे सोडून.

"मग पाणी ओसरल्यावर?"

मटाराची शेंग हातात तशीच राहिली. तिनं फोनकडे पाहिलं. "बंद कर ते."

केला.

पाणी ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाशी चिखलात भांड्यांचा ढीग साचला होता. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली, म्हणून ज्याचं त्यानं वाचून न्यायचं ठरलं. गुडघाभर चिखलात उभी राहून अख्खी आळी भांडी वाचत होती. धरणंच गेल्यामुळे नळ कोरडे, आडावरून आणलेल्या पाण्यानं एकेक बुडखा पुसायचा आणि मोठ्यानं नाव पुकारायचं, लग्नात आहेर वाचतात तसं. सासूबाईंना आपलं एकही सापडलं नाही. शेवटी उरलं एक तांब्याचं घंगाळ, "सौ. अमुक हिस मामाकडून". कुणीच पुढे येईना. त्या नावाची माणसं गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांच्या त्या अर्धगोल छपरांच्या घरांत, गेली की आणखी कुठे, कुणाला ठाऊक. सासूबाईंनी घंगाळ उचलून आणलं आणि गणपती येईपर्यंत दारात ठेवलं, नाव रस्त्याकडे करून. गणपतीच्या आदल्या दिवशी आत घेतलं आणि नाव भिंतीकडे वळवलं.

"तेव्हापासून वापरतोय," आत्या हळू आवाजात म्हणाली. "रेकॉर्ड करू नकोस हां. यायचे मागायला."

लिहू नकोस असं ती म्हणाली नव्हती. तरीही नाव देत नाही, पुणं लहान आहे.

"आणि तुझा चांदीचा दिवा?"

"तो असेलच की कुणाकडे तरी. फिटंफाट."

मी गॅलरीत जाऊन घंगाळ पाहिलं. त्यात आता कोरफड लावलीय. एरवी काळंठिक्कर पडलेलं, पण भिंतीकडची बाजू वळवून पाहिली तर अक्षरं लख्ख, आठवड्याला पितांबरी लागत असावी.

"काय बघतोयस?" आतून काका ओरडले. "अस्सल तांबं आहे! तांबट आळीतून घासाघीस करून आणलंय मी, बारा रुपयांना!"

आत्यानं मटाराची परडी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"हे घे रेकॉर्ड करून."