‘सवयी सुधारा, आजार जातील’: पूर्व भागाबद्दलच्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पूर्व भागातले लोक स्वच्छता पाळत नाहीत, तंबाखू सोडत नाहीत, उपचार फुकट असूनही दवाखान्यात जात नाहीत. मग आजारी पडणारच.’ पूर्व भाग म्हणजे शहरातली विडी आणि यंत्रमाग कामगारांची वस्ती. मेसेजमधलं एकेक विधान तपासू.

आधी स्वच्छता. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. उजनी धरण भरलेलं असतानाही शहरात नळ काही दिवसांआड येतो. ज्यांच्या गच्चीवर झाकणाची टाकी आहे ते निभावतात. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे दाराशी बॅरल भरून ठेवावंच लागतं. त्यावर घट्ट कापड बांधावं, हे खरंच. पण आठवड्याला कोरडा दिवस पाळा, म्हणजे एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणताना पुढचं पाणी कधी येणार हेही सांगायला हवं.

तंबाखूचं तर उलटंच आहे. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू. ती स्वतः विडी ओढत नसली तरी भुकटी नाकात जाते, निकोटीन कातडीतून आत शिरतं. शेजारीच तान्हं मूल झोपलेलं असतं. मजुरी हजार विड्यांमागे, आणि तपासणीत छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली तर तेवढ्या विड्यांचे पैसे बुडाले. म्हणून मान आखडली तरी ती उठत नाही. ही सवय नाही, मजुरी आहे.

आणि फुकट उपचार? सरकारची मोफत उपचारांची आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. योजना चांगलीच आहे. पण तिचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. बीपीची रोजची गोळी, तपासणीसाठी रांगेत गेलेली सकाळ, त्या सकाळी न वळलेल्या विड्या, हे सगळं बाईच्याच पदरातून जातं. मग गोळी सुटते, आणि अर्धांगाचा झटका आल्यावर योजना मदतीला येते.

सवयींचा वाटा मी नाकारत नाही. पण लंडनच्या सरकारी नोकरांचा 1967 पासून झालेला व्हाइटहॉल अभ्यास पाहा. सगळ्यांना पगार, सगळ्यांना मोफत उपचार. तरी हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरूनही निम्म्याहून अधिक तफावत उरलीच.

तेव्हा हा मेसेज पुढे ढकलण्याऐवजी महापालिकेकडे दोन गोष्टी मागू या: नळाला रोज पाणी, आणि विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, संध्याकाळी चालणारी ओपीडी, बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्यांसह.