वीज लागलेल्याला शेणात पुरू नका

आमच्या भावकीच्या ग्रुपवर काकांनी परवा एक मेसेज टाकला, खाली ठळक 'जनहितार्थ'. काय जनहित? तर आभाळातली वीज लागलेल्या माणसाला हात लावू नका, गळ्यापर्यंत ओल्या शेणात पुरा, शेण करंट ओढून घेतं. ढग गडगडले की मोबाईल बंद करा. पायात रबरी चप्पल असेल तर झाडाखाली थांबायला हरकत नाही. पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाला पावसाळी दिवसांत रानात नेऊ नका, वीज त्याच्यावर पडते. यावर सगळ्यांनी भराभर हात जोडले.

शेणाचंच आधी. वीज अंगातून डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते, मागे करंट उरत नाही. शेण ओढणार काय, कप्पाळ? तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये हे खरं, पण ते तारेचं. वीज पडून माणूस जातो तो बहुतेक वेळा हृदय आणि श्वास बंद पडून. म्हणून तो हालचाल करत नसेल, श्वास नीट नसेल, तर तिथल्या तिथे उताणा निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात दाब द्यायचे, मिनिटाला 100 ते 120. दुसऱ्याने रुग्णवाहिकेचा 108 लावायचा. तुम्ही खड्डा खणत बसाल तेवढ्यात वाचणारा माणूस हातचा जाईल.

मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन तेवढा हातात नको, एवढं मान्य. उलट पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजांचा इशारा देतं. बंद फोनवर कसा देणार?

ढगापासून हवा फोडत आलेल्या विजेला बोटभर रबर अडवेल होय? झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, बुंध्याभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. झाडाला बांधलेली बैलजोडी एकदम जाते ती त्यामुळेच. गडगडाट ऐकू आला की फवारणीचा पंप असेल तिथे टाकून पक्कं घर गाठायचं. चहूबाजूंनी उघडं पत्र्याचं शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, मग सोयाबीनची गंजी भिजली तरी भिजू दे.

राहिलं पायाळूचं. 2022 साली देशात वीज पडून 2,887 माणसं गेली, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी. ती सगळी पायाळू होती का?