थोडा पगार आणि उघडा दरवाजा

४ ऑगस्ट २०२० रोजी लंडनमधल्या वेम्बलीच्या रिकाम्या मैदानात ब्रेंटफर्ड आणि फुलहॅम या इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांमध्ये प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या बाद फेरीची, अंतिम लढत झाली. जिंकणारा संघ सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमिअर लीगमध्ये, जाणार होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस फुलहॅमला गोलपासून सुमारे चाळीस यार्डांवर फ्री किक मिळाली. एवढ्या लांबून चेंडू उंच टाकला जाणार, असे गृहीत धरून ब्रेंटफर्डचा गोलरक्षक दाविद राया दोन-चार पावले पुढे येऊन उभा राहिला, आणि जो ब्रायनने चेंडू थेट जवळच्या खांबालगत मारला. राया मागे झेपावला तोवर चेंडू जाळ्यात होता. पुढे ब्रायननेच दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा फुलहॅमकडे गेला.

त्यानंतर सुमारे महिन्याभराने ब्रेंटफर्डने त्या हंगामातला आपला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ऑली वॉटकिन्स अॅस्टन व्हिलाला विकला. ऑक्टोबरमध्ये सैद बेनरहमाही वेस्ट हॅमकडे गेला. घास तोंडाशी आलेला असताना निसटला आणि वर ताटही उचलून दिले, असेच बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असणार. पुढच्याच वर्षी, २९ मे २०२१ रोजी, याच क्लबने याच वेम्बलीवर स्वान्सीला २-० असे हरवले आणि १९४७ नंतर प्रथमच इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पाऊल ठेवले.

कमी पगाराचा संघ श्रीमंतांशी कसा झुंजतो, हा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणजे जिद्द, एकी, लढाऊ बाणा. दुसरे म्हणजे आकडेशास्त्र, संगणक, हुशार मालक. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. जिद्द श्रीमंत संघांकडेही असते, आणि संगणक तर त्यांच्याकडे जास्त असतात. माझ्या मते खरी गोम विक्रीत आहे: खेळाडू वेळेवर आणि सन्मानाने जाऊ देण्यात. आपण ज्याला क्लबची लाचारी समजतो, तीच त्याची मुख्य ताकद असते.

याचे कारण समजण्यासाठी आधी एक कटू वस्तुस्थिती मान्य करावी लागते. अर्थतज्ज्ञ स्टेफान शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या हिशेबांचा अनेक वर्षांचा अभ्यास करून दाखवले की दीर्घ काळात गुणतालिकेतले स्थान सर्वांत जास्त जुळते ते क्लबच्या एकूण वेतनखर्चाशी. खेळाडू विकत घेण्यासाठी मोजलेल्या किमतींशी ते तितके जुळत नाही. यात नवल काही नाही. फुटबॉलपटूचे काम हजारो लोकांसमोर, दर आठवड्याला, उघड्यावर होते. कोण किती चांगला आहे हे फार काळ लपून राहू शकत नाही, आणि चांगला ठरलेल्याला दुसरा कोणी जास्त पगार देऊन नेतोच. एखाद्या सामन्यात सरासरी तीनही गोल होत नाहीत, म्हणून एका दुपारी नशीब कोणालाही हात देते. पण हंगामाच्या ३८ सामन्यांत नशीब बहुतेक वाटले जाते आणि पगारपत्रक आपली जागा घेते.

मग ज्याच्याकडे पगार द्यायला पैसा नाही, त्याने काय द्यावे? त्याने वाट द्यावी. ‘आमच्याकडे दोन-तीन वर्षे खेळ, रोज खेळशील, बाकावर बसणार नाहीस, आणि मोठा क्लब योग्य किंमत घेऊन आला तर आम्ही आडवे येणार नाही,’ हे आश्वासन म्हणजेच पगाराचा राहिलेला भाग असतो. बावीस वर्षांच्या मुलासाठी त्याचे मोल आजच्या पगारातल्या फरकापेक्षा जास्त असू शकते. मात्र हे आश्वासन तोंडी देऊन भागत नाही. आधी गेलेल्यांची यादी दाखवता यावी लागते. ब्रेंटफर्डकडून नील मोपे २०१९ मध्ये ब्रायटनला गेला. वॉटकिन्स एक्झिटरहून सुमारे १८ लाख पौंडांना आला होता आणि २ कोटी ८० लाखांना गेला. ब्रायन एम्बेमो फ्रान्सच्या त्रुआ क्लबकडून सुमारे ५८ लाख पौंडांना आला आणि २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी साडेसहा कोटी पौंड मोजले, शिवाय अटींप्रमाणे पुढची रक्कम वेगळी. ही यादी खिशात असलेला क्लब पुढच्या मुलाशी बोलायला बसतो, तेव्हा श्रीमंत क्लबाइतका पगार न देताही त्याचे पारडे हलके राहत नाही.

विकणे सोपे आहे. विकल्यावर उभे राहणे अवघड आहे. इथे बहुतेक लहान क्लब चुकतात: आधी खेळाडू जातो, मग पैसे हातात घेऊन बदली शोधायला निघतात, आणि यांच्या खिशात किती आहे हे तोवर साऱ्या बाजाराला ठाऊक झालेले असते. ब्रेंटफर्डने पीटरबरोचा आयव्हन टोनी करारबद्ध केला तो ३१ ऑगस्ट २०२० रोजी, आणि वॉटकिन्स गेला तो ९ सप्टेंबरला. म्हणजे नवा माणूस घरात आल्यावर जुन्याला निरोप दिला. टोनीने त्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले आणि वेम्बलीवरचा पहिला गोलही पेनल्टीवर त्यानेच केला. न्यूकॅसलमध्ये ज्याला फारशी संधी मिळाली नाही आणि जो तिसऱ्या श्रेणीत गोलांमागून गोल करत होता, असा खेळाडू हेरणे ही नजर झालीच; पण त्या नजरेचा उपयोग झाला तो वेळापत्रकामुळे.

आता मैदानावर येऊ, कारण इथेही लहान क्लबाला अशी जागा शोधावी लागते जिथे पैशाचा भाव चढलेला नाही. चालत्या खेळात बचाव भेदणारा खेळाडू महाग असतो. थांबलेला चेंडू स्वस्त असतो. साधारण चार गोलांपैकी एक गोल कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन यांसारख्या प्रसंगांतून येतो, आणि तिथे प्रतिभेपेक्षा तालीम जास्त चालते. लांब थ्रो-इनचेच, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हाताने आत फेकलेल्या चेंडूचेच, पाहा. फेकणारा टॉवेलने चेंडू पुसतो. तेवढ्यात मागचे दोन उंच बचावपटू सावकाश चालत पुढे येतात. एकजण गोलरक्षकाच्या अगदी नाकासमोर उभा राहतो, कारण थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडचा (बचावपटूंच्या पलीकडे आधीच उभे राहून चेंडू घेण्यास मनाई करणारा) नियम लागू होत नाही आणि त्यामुळे तो हवा तिथे उभा राहू शकतो. दुसरा जवळच्या खांबाकडे धावतो आणि चेंडूला डोक्याचा ओझरता स्पर्श करून तो मागे ढकलतो. तिसऱ्याचे काम फक्त एवढेच, की उसळून बाहेर येणाऱ्या चेंडूच्या जागी आधीच उभे राहायचे. यातल्या एकाही माणसाला प्रतिस्पर्ध्याला चकवून पुढे जाता आले नाही तरी चालते. सौंदर्याच्या भोक्त्यांना हा खेळ रुचत नाही, हे मला माहीत आहे. मला मात्र त्या टॉवेलमध्ये बराच विचार दिसतो.

ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम यांनी २०१४ मध्ये डेन्मार्कच्या मिट्यूलँड क्लबमध्ये बहुसंख्य भागीदारी घेतली, आणि थांबलेल्या चेंडूवर विशेष मेहनत घेणाऱ्या त्या संघाने २०१५ मध्ये आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. थ्रो-इन शिकवण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक, ही कल्पना तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटत होती. तिथे ते काम केलेल्या थॉमस ग्रोनेमार्क यांना २०१८ मध्ये लिव्हरपूलने बोलावले. निकोलस जोव्हर ब्रेंटफर्डमध्ये थांबलेल्या चेंडूचे प्रशिक्षक होते. ते आधी मँचेस्टर सिटीकडे आणि मग आर्सेनलकडे गेले. तेव्हा खेळाडूच नव्हे, तर युक्त्याही विकल्या जातात, फक्त त्यांची किंमत क्लबाला मिळत नाही. श्रीमंत क्लब उशिरा शिकतात, पण शिकतात, आणि शिकल्यावर तीच गोष्ट अधिक उंच आणि अधिक महागड्या खेळाडूंकडून करून घेतात. लहान क्लबाची आघाडी ही भाड्याची खोली असते. दर काही वर्षांनी नवी शोधावी लागते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रेंटफर्डने सामना सुरू होण्याच्या क्षणालाच थांबलेला चेंडू मानले. मँचेस्टर सिटीविरुद्ध २२ सेकंदांत गोल, टॉटनहॅमविरुद्ध २३ सेकंदांत, वेस्ट हॅमविरुद्ध ३७ सेकंदांत. सलग तीन सामन्यांत पहिल्याच मिनिटात गोल करणारा हा प्रीमिअर लीगमधला पहिला संघ ठरला. या विक्रमाचे कौतुक करणारे पुढची ओळ सहसा सांगत नाहीत: त्या तीन सामन्यांतून त्यांना एकूण एक गुण मिळाला. सिटीने २-१ असे हरवले, टॉटनहॅमने ३-१ असे, आणि वेस्ट हॅमशी १-१ अशी बरोबरी झाली. युक्ती गोल मिळवून देते. उरलेली एकोणनव्वद मिनिटे पगारपत्रकाशीच खेळायची असतात.

विक्री थांबली की काय होते, याचे उदाहरण म्हणून मला इंग्लंडचाच लेस्टर क्लब आठवतो. २०१५-१६ चे त्यांचे प्रीमिअर लीगचे विजेतेपद सर्वांना पाठ आहे: ले आव्हरहून चार-पाच लाख पौंडांत आलेला महरेझ, फ्लीटवूडचा वार्डी, काँहून आलेला कांते. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी शहाणपणाने काढली. कांते, महरेझ, मॅग्वायर असे जवळपास दरवर्षी एक मोठे नाव विकले आणि तरीही बहुतेक वेळा वरच्या भागात राहिले. २०२१ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युरी टीलेमान्सने पंचवीस-एक यार्डांवरून मारलेला चेंडू चेल्सीच्या जाळ्यात गेला, तेव्हा क्लबाला वाटले असावे की आता आपणही मोठ्यांच्या पंगतीत बसलो. पगार वाढले, विक्री मंदावली, करार संपत आले. २०२३ मध्ये लेस्टर खालच्या श्रेणीत घसरले ते वर्षाला २० कोटी पौंडांहून अधिक वेतनखर्च असताना, आणि करार संपल्याने टीलेमान्स क्लबाला एक पैसाही न मिळता अॅस्टन व्हिलाकडे गेला. लेस्टरच्या चाहत्याला विचारले तर तो कप परत करून तो पैसा मागणार नाही, हेही खरे.

अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये वेतनमर्यादा आहे, म्हणून तिथे हा प्रश्न सुटला असेल असे कोणी समजू नये. डेव्हिड बेकहॅम आला त्या २००७ सालापासून मोजक्या खेळाडूंना मर्यादेबाहेर पगार देण्याची मुभा आहे. आज एकट्या लिओनेल मेस्सीचा पगार तिथल्या अनेक पूर्ण संघांच्या पगारापेक्षा जास्त आहे. त्याच लीगमध्ये फिलाडेल्फिया युनियनने २०२० आणि २०२५ मध्ये साखळीतील सर्वाधिक गुणांसाठीची सपोर्टर्स शील्ड मिळवली. त्यांचीही रीत ओळखीची आहे: अकादमीत मुले घडवायची, खेळवायची, आणि ब्रेंडन आरनसनसारख्यांना युरोपात पाठवायचे.

ब्रेंटफर्डचे सगळेच मला पटते असे नाही. २०१६ मध्ये त्यांनी आपली अकादमी बंद केली, कारण घडवलेली मुले सोळाव्या वर्षी मोठे क्लब क्षुल्लक भरपाई देऊन नेत होते. हिशेबाने ते बरोबर होते. तरीही आपल्या गल्लीतल्या मुलासाठी आपल्याच क्लबाचे दार बंद असावे, हे मला कधी रुचले नाही, आणि काही वर्षांनी त्यांनी ती पुन्हा सुरू केली तेव्हा बरे वाटले. शिवाय हा ‘गरीब’ क्लब आहे तो फुटबॉलच्या सट्ट्यात पैसा कमावलेल्या आणि वर्षानुवर्षे स्वतःचे कोट्यवधी पौंड ओतणाऱ्या मालकाचा. असा मालक नसलेल्या क्लबाने एक विक्री फसली तर दुसरीची वाट कशाच्या जोरावर पाहायची, हा प्रश्न उरतोच.

२०२५ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेले, कर्णधार क्रिस्टियन नॉरगार्ड आर्सेनलला, एम्बेमो मँचेस्टर युनायटेडला आणि योआन विस्सा न्यूकॅसलला. एका हंगामापुरते तरी दार लावून घ्या, असे मीही त्या वेळी मनात म्हणालो होतो. क्लबने मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसवले ते कीथ अँड्र्यूज यांना. त्यांनी तोवर कोणत्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते; आदल्या हंगामात ते तिथेच कॉर्नर आणि थ्रो-इन शिकवत होते.