आडनाव कळलं की खोली 'गेली'

सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात भाड्याने खोली बघायची तर पहिला प्रश्न डिपॉझिटचा नसतो, 'आडनाव काय?' असतो. त्यावरून अंदाज लागला नाही की 'मूळ गाव कुठलं', मग 'घरात नॉनव्हेज चालतं का'. जात काढायच्या या ठरलेल्या पायऱ्या! शेवटी 'कालच दिली हो', आणि 'भाड्याने देणे आहे'ची पाटी गेटवर तशीच.

अरे, ११ महिन्यांचा करार करा, पोलिसांत भाडेकरूची नोंद करा, पगाराची स्लिप मागा. भाडं बुडेल का, हे त्यातून कळतं. आडनावातून काय कळणार? राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये जातीवरून अडवायला मनाई असलेल्या जागांत दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत, भाड्याची खोली नाही. त्यात नकार तोंडी, पुरावा शून्य. म्हणून खोली शोधणाऱ्यांनो, निदान व्हॉट्सॲपवर विचारा, उत्तर लेखी राहील. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच चौकात बोलणारं हे गाव, आणि दारात मात्र ही चौकशी. संताप येतो!